‘ख्रिस्ती गणित’ हा शब्द आला कुठून?

‘ख्रिस्ती गणित’ या शब्दामागे अमेरिकेतला एक शालेय वाद आहे. वाद होता संच, म्हणजे वस्तूंचे किंवा संख्यांचे गट, या धड्यावरून. जालन्यात किंवा छत्रपती संभाजीनगरच्या छावणीत मुलांना घरीच शिकवायचं ठरवलेल्या एखाद्या ख्रिस्ती घरात अमेरिकेहून मागवलेला पुस्तकांचा गठ्ठा उघडला जातो, तेव्हा त्या वादाचा निकालही सोबत आलेला असतो. म्हणून पुस्तक निवडण्याआधी तो वाद माहीत हवा.

ऑक्टोबर १९५७ मध्ये सोव्हिएत रशियाने स्पुटनिक हा उपग्रह सोडला. आपण मागे पडलो या धसक्याने अमेरिकी सरकारने शालेय गणित आणि विज्ञानावर पैसा ओतला. त्यातून ‘न्यू मॅथ’ नावाचा प्रकार प्राथमिक वर्गांपर्यंत आला. लहान पोरं बेरीज पक्की व्हायच्या आत संच काढू लागली आणि दहाऐवजी दोन किंवा पाचच्या पायावर संख्या लिहू लागली. आईबापांना घरचा अभ्यास घेता येईना. याच सुमारास, १९६२ आणि १९६३ मध्ये, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांमधली शाळेने घडवून आणलेली प्रार्थना आणि बायबलवाचन घटनाबाह्य ठरवलं. आधी प्रार्थना गेली, मग पाढे गेले, असा हिशेब अनेक पालकांनी मनात मांडला. दोन्ही राग एकत्र आले. खासगी ख्रिस्ती शाळा वाढल्या आणि त्यांना पुस्तकं पुरवायला १९७० च्या सुमारास टेक्सास आणि फ्लोरिडात प्रकाशनं उभी राहिली. घरी शिकवणाऱ्यांची मोठी लाट नंतरची. १९९३ पर्यंत पन्नासही राज्यांत घरचं शिक्षण कायदेशीर झालं, तोवर ही पुस्तकं तयार होती.

खरा गुंता इथे आहे. त्यातल्या एका प्रकाशनाने आपली भूमिका उघड मांडली: गणिताचे नियम देवाने निर्मिले, म्हणून ते अढळ आहेत, आधुनिक गणितवाले ते माणसाची निर्मिती मानतात, म्हणून त्यांचं गणित सापेक्ष, सबब आमच्या पुस्तकांत संच सिद्धांताला थारा नाही. या म्हणण्यातला अर्धा भाग मला मनापासून पटतो. संख्या सापडते की माणूस ती घडवतो, हा जुना आणि खरा प्रश्न आहे, आणि श्रद्धाळू माणसाने त्याचं उत्तर मुलाला द्यावं यात गैर काही नाही. पण त्यातून संचांवर बंदी कशी निघते, हे मला कधीच उमगलं नाही. संच सिद्धांत मांडणारा जर्मन गणिती स्वतः श्रद्धाळू ल्यूथरन घरात वाढला होता, आणि अनंताविषयीचे आपले विचार देवाकडून आले असं तो मानत होता. लहान मुलांवर संच लादणं ही शिकवण्याच्या पद्धतीतली चूक होती. तिला पाखंड ठरवलं गेलं, आणि घरोघरच्या पुस्तकांच्या याद्यांत ‘ख्रिस्ती गणित’ या शब्दात तीच गल्लत अजून शिल्लक आहे.

आपल्याकडे तिची किंमत अगदी ठरावीक ठिकाणी मोजावी लागते. महाराष्ट्राच्या नववीच्या ‘गणित भाग १’ या पुस्तकाचं पहिलंच प्रकरण ‘संच’ आहे. शिवाय अमेरिकी क्रमात एक वर्ष बीजगणित, एक वर्ष भूमिती. आपल्या दहावीला दोन्ही एकाच वर्षी, चाळीस-चाळीस गुणांची.

‘ख्रिस्ती गणित’ या शब्दाखाली आणखीही वेगवेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात. काही पुस्तकांत शाब्दिक उदाहरणांमध्ये चर्च आणि बायबलमधली माणसं येतात, बाकी गणित नेहमीचंच. एका पद्धतीत वर्षाला एका विषयाच्या बारा पुस्तिका. मूल स्वतः सोडवतं, स्वतः उत्तरं ताडून पाहतं, ऐंशी टक्के मिळाल्यावर पुढची पुस्तिका. आणि ख्रिस्ती घरांत वर्षानुवर्षं आवडीने वापरलेलं एक पुस्तक निवृत्त हवाईदल अधिकाऱ्याने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला काढलं. रोज थोडं नवं, जुन्याची सतत उजळणी, एवढंच त्याचं सूत्र. त्यात धर्म नाहीच.

मराठवाड्यातला ख्रिस्ती शिक्षणाचा इतिहास या सगळ्याहून जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसली. निजामी राज्यात सरकारी कारभार आणि वरचं शिक्षण उर्दूत, १९४८ पर्यंत. मराठी शिकलेल्या पोरांच्या तोंडी पावकी, निमकी, सवायकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे होते, मग ते घर कोणत्याही धर्माचं असो.

एप्रिल १९५७ मध्ये, स्पुटनिकच्या सहा महिने आधी, भारतात दशमान नाणी आली. पाठोपाठ किलो आणि लिटर. अमेरिका पौंड, औंस आणि गॅलनवरच राहिली. तिकडचं पुस्तक घेतलं की मूल चार क्वार्टचा गॅलन पाठ करतं आणि चाळीस गुंठ्यांचा एकर, शंभर किलोचा क्विंटल आईबापांनी वेगळा शिकवायचा. लाख-कोटीचा स्वल्पविरामही तसाच. मोंढ्यात मापात पाप चालतं हे इथल्या पोराला लवकर कळतं, आणि खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट येतो असं नीतिसूत्रांत (११:१) आहे. गणितात ख्रिस्ती काही शिकवायचं तर मी तिथून सुरू करेन, आणि ते कुठल्याही पाठ्यपुस्तकासोबत जमतं.

कायद्याची बाजू मोकळी नाही. २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याचं कलम १० मुलाला शेजारशाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य ठरवतं, पण पालकांना त्यासाठी शिक्षा सांगत नाही. त्या फटीत घरी शिकवणारी कुटुंबं राहतात. दहावीला खासगीरीत्या बसायचं तर सतरा नंबरचा फॉर्म, आणि त्याला शाळा सोडल्याचा दाखला लागतो. आमच्या समाजात तो दाखला जातीच्या कागदपत्रांसाठीही कामी येतो, म्हणून नाव शाळेतून काढण्याआधी घरात खूप चर्चा होते. केंद्राच्या मुक्त विद्यालयाचा रस्ता वेगळा आहे, तिथे दहावीच्या पाच विषयांत गणित घेतलंच पाहिजे असंही नाही.

२०१९ मध्ये दुसरीच्या सरकारी पुस्तकात ‘एकवीस’सोबत ‘वीस एक’ असं वाचन आलं आणि राज्यभर गदारोळ झाला. देगलूर-किनवटकडच्या तेलुगू घरांत दशक एककाच्या आधी म्हणतात, त्यांना त्यात नवल नव्हतं. इंग्रजी पुस्तकावर घरी वाढणाऱ्या मुलाची अडचणही हीच: ‘सिक्स्टी नाइन’ लिहिता येतं, पण दुकानदार ‘एकोणसत्तर’ म्हणाला की हात थांबतो.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा घरी शिकवणं सगळ्यांच्याच वाट्याला आलं. पाठ्यपुस्तक मंडळाच्या फुकट पीडीएफ मोबाईलवर उतरवल्या गेल्या. आता ज्यांना अमेरिकी पुस्तक हवं असतं, त्यांना मी नववीचा ‘संच’चा धडा तेवढा त्याच्या शेजारी ठेवायला सांगते.