माडी काढणारे एक, पिणारे दुसरे, सोसणारे तिसरेच

आमच्याकडे सिंधुदुर्गात दारूचा विषय निघाला की "त्यांच्या रक्तातच आहे ती" असं कोणीतरी बोलणारच, आणि ते "ते" म्हणजे बहुतेक वेळा भंडारी, कारण माडी काढणं हा त्यांचा पिढीजात धंदा. माडाची पोय (न उमललेला फुलोरा) बांधून ठेचायची, शेंडा कापायचा, खाली मडकं लावायचं, सकाळची गोड माडी दुपारपर्यंत आंबून चढायला लागते. पण काढणारा तोच पिणारा हे कोणी ठरवलं?

खरं तर इंग्रजांनी १८७८ चा अबकारी कायदा आणून माडीच्या झाडांवर कर बसवला, १८९२ ला ठाणे-कुलाब्यात मोहाच्या फुलांवरसुद्धा निर्बंध आले, म्हणजे जी घरची होती ती चोरीची झाली. पुढे बाळासाहेब खेरांच्या (आपल्या रत्नागिरीतच जन्मलेले) सरकारने १९३९ ला मुंबईत दारूबंदी सुरू केली आणि १९४९ चा कायदा तर अजून आहे, दारू पिण्याचं परमिट त्यातूनच येतं. गोवा मात्र १९६१ पर्यंत पोर्तुगीजांचा, त्यामुळे सीमेवरच्या तेरेखोल नदीच्या अलीकडे गुन्हा आणि पलीकडे उघडं दुकान. फरक आजही दिसतो, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गोव्यात ३६.९ टक्के पुरुष आणि ५.५ टक्के बायका पितात, महाराष्ट्रात १३.९ आणि ०.४. आता नदी ओलांडली म्हणून काय रक्त बदललं का?

रक्ताचा भाग अगदीच नाही असं नाही हां. चीन, जपान, कोरियात बऱ्याच जणांच्या एका एन्झाइममध्ये फरक असतो, दोन घोटात तोंड लालबुंद, म्हणून ते कमी पितात. पण अमेरिकेतले काळे लोक सरासरीने गोऱ्यांपेक्षा कमी पितात, आणि तेवढीच दारू घेतली तरी भांडणं, पोलीस, नोकरी ह्या बाबतीत जास्त भोगतात, ते जनुकातून येत नाही, गरिबी आणि वागणूक जशी मिळते त्यातून येतं.

बायकांचं गणित आणखी वेगळं. अंगात पाणी कमी असल्याने तोच पेग त्यांच्या रक्तात जास्त चढतो, लिव्हर लवकर जातं. आणि गोव्यातल्या सरकारी आरोग्य केंद्रांमध्ये दारू कमी करायच्या समुपदेशनाची जी मोठी चाचणी झाली, २०१७ ला छापून आली, ती फक्त पुरुषांवर.

माझी आजी बाळंतपणानंतर "थंडी जाते" म्हणून ब्रँडी घ्यायची, बाटली तांदळाच्या डब्यात. नंतर बाळंतपणं संपली, बाटली राहिली. कोणी सर्व्हेवाला दारात आला असता तर ती "शी, आम्ही नाय हो" म्हणाली असती, आणि खोटंही वाटलं नसतं तिला, कारण तिच्या लेखी ते औषध होतं.