पोलादातला हायड्रोजन मोजताना

पोलादाच्या एका टनात दोन-चार ग्रॅम हायड्रोजन उरला, तरी जाड घडीव भागांच्या गाभ्यात केसासारख्या बारीक भेगा पडू शकतात. आम्लात बुडवलेली लोखंडी तार ठिसूळ होते आणि काही काळ तशीच ठेवल्यावर पुन्हा चिवट होते, हे विल्यम जॉन्सन यांनी १८७५ मध्ये दाखवले होते. हायड्रोजनचा अणू इतका लहान, की तो सामान्य तापमानालाही लोखंडाच्या अणूंमधून वाट काढत बाहेर पडतो. मोजणाऱ्याची खरी अडचण हीच आहे.

नेहमीच्या पद्धतीत सुमारे एक ग्रॅमचा तुकडा ग्राफाइटच्या मुशीत टाकतात आणि मुशीतून जबर विद्युतप्रवाह सोडून तो काही सेकंदांत वितळवतात. बाहेर पडलेले वायू हेलियमसारख्या वाहक वायूबरोबर शोधकाकडे जातात. ऑक्सिजन मुशीतल्या कार्बनशी संयोग पावतो, म्हणून तो कार्बन मोनॉक्साइडच्या रूपात अवरक्त किरणांनी मोजला जातो. नायट्रोजन आणि हायड्रोजन उष्णतावाहकतेतल्या फरकावरून कळतात. हेलियमची वाहकता हायड्रोजनच्या बरीच जवळ असल्याने हायड्रोजनसाठी वाहक म्हणून आर्गॉन किंवा नायट्रोजन घेणे सोयीचे ठरते.

मात्र यंत्र कितीही उत्तम असले तरी आकडा बिघडतो तो बहुधा त्याआधीच. एक ग्रॅम पोलादात दशलक्षात एक भाग हायड्रोजन, म्हणजे अवघा एक मायक्रोग्रॅम. तेवढाच हायड्रोजन पृष्ठभागावरच्या नऊ मायक्रोग्रॅम पाण्यात असतो. त्यामुळे बोटाचा ओलसर ठसा किंवा कापताना राहिलेले तेलसुद्धा आकडा फुगवते. उलट नमुना टेबलावर तसाच पडून राहिला तर आकडा घटतो. म्हणून वितळलेल्या पोलादातून घेतलेला नमुना लगेच पाण्यात विझवून उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतात आणि मोजण्याच्या जरा आधी बाहेर काढून पुसून-घासून स्वच्छ करतात.

शिवाय सगळा हायड्रोजन सारखाच मोकळा नसतो. काही अणू सहज फिरतात, तर काही कार्बाइडच्या (धातू आणि कार्बन यांच्या संयुगाच्या) कणांपाशी किंवा स्फटिकातल्या दोषांपाशी अडकून बसतात. तुकडा न वितळवता हळूहळू तापवला, तर आधी मोकळा आणि नंतर अडकलेला हायड्रोजन वेगवेगळ्या तापमानांना सुटतो. वेल्डिंगच्या सांध्याला तडा जाण्याचा धोका प्रामुख्याने फिरत्या हायड्रोजनमुळे असतो, त्यामुळे तिथे एकूण आकडा फारसा उपयोगी पडत नाही. १०० ग्रॅम जोडधातूमागे, म्हणजे वेल्डिंग करताना सांध्यात भरलेल्या धातूमागे, किती मिलिलिटर फिरता हायड्रोजन निघाला, तेवढेच नोंदवतात.