उंदराची लघवी आणि ‘डिसिनर्जिया’चा घोळ

किल्लारीच्या भूकंपानंतर (३० सप्टेंबर १९९३) कमरेखालून लुळं पडलेलं माणूस आणि खाटेला लटकलेली लघवीची पिशवी हे आमच्या भागात नवं राहिलं नाही. विहिरीत पडून कणा मोडलेल्यांच्या घरी आजही तेच. अशांचं मूत्राशय का तुंबतं, हे शोधताना प्रयोगशाळेतला पांढरा उंदीर फार उपयोगी पडला.

मेंदूच्या देठात, पॉन्समध्ये, लघवीचं केंद्र असल्याचं १९२५ मध्ये मांजरांवरच्या प्रयोगांतून पुढे आलं. मूत्राशयाकडे आणि लघवी रोखणाऱ्या स्नायूकडे जाणाऱ्या पेल्विक, हायपोगॅस्ट्रिक, प्युडेंडल या तिन्ही नर्व्हची (मज्जातंतूंची) कामं फार्मसीच्या पोरांना पाठच असतात. फक्त उंदराच्या आकृतीतला एल-६ (एल म्हणजे लंबर, कमरेचा) ही छपाईची चूक नव्हे. माणसाला कमरेचे मणके पाच, त्याला सहा असतात.

खरी गोची स्फिंक्टरची, म्हणजे मूत्रमार्ग आवळून लघवी रोखणाऱ्या स्नायूची. माणूस लघवी करतो तेव्हा हा स्नायू सैल पडून गप्प बसतो. १९८० च्या दशकात उंदराच्या स्फिंक्टरमध्ये बारीक तारा घालून आलेख घेतले, तर मूत्राशय आवळलेलं असतानाच तो सेकंदाला साधारण ४ ते ८ वेळा फडफडताना दिसला. दोन फडफडींच्या मधल्या फटीत लघवीची चिळकांडी उडते. माणसाच्या आलेखात स्फिंक्टर असा मधेमधे आवळताना दिसला, तर डॉक्टर ‘डिसिनर्जिया’ लिहितील, म्हणजे मूत्राशयाचं आणि स्फिंक्टरचं जमत नाही. उंदरात मात्र जमतं ते असंच. स्नायू लुळा करणारं औषध दिलं की फडफड थांबते आणि लघवी आत शिल्लक राहते. तरी धडधाकट उंदराच्या आलेखाखाली ‘डिसिनर्जिया’ लिहिलेले प्रबंध मी तपासलेत. माणसांच्या पुस्तकातून उचललेला शब्द, दुसरं काय!

तो शब्द शोभतो मज्जारज्जू छातीपाशी तोडलेल्या उंदराला. सुरुवातीला त्याची लघवी पार बंद होते. प्राणिगृहातले मामा दिवसातून दोन-तीनदा त्याला मुठीत धरून अंगठ्याने ओटीपोट दाबतात, टिपकागदावर पिवळा डाग उमटला की पिंजऱ्यात सोडतात. दोन-तीन आठवड्यांनी मूत्राशय आपलं आपण आवळू लागतं, पण आता स्फिंक्टर खरोखरच आडवा येतो. काही उंदरांत फडफडही थोडीफार परतते. तोड कमरेच्या खंडांत, एल-४ च्या खाली असेल तर ती परतत नाही. म्हणून फडफडीचं वेगळं केंद्र एल-३–एल-४ मध्ये धरतात.

पुढचं बरंच काम सी-तंतूंवर, म्हणजे मूत्राशयातून मज्जारज्जूकडे संवेदना नेणाऱ्या बारीक मज्जातंतूंवर झालं. एरवी झोपलेले हे तंतू कणा तुटल्यावर जागे होतात आणि मूत्राशय पुरतं भरायच्या आधीच त्याला अवेळी आवळायला लावतात. मिरचीतल्या कॅप्सेसिनने ते बधिर केले की उंदरातलं हे अवेळी आवळणं थांबतं, लघवी मात्र होतच राहते.