ॲपॉप्टोसिस की नेक्रोप्टोसिस? कर्करोगाची पेशी नेमकी कशी मेली?

इंदूरच्या देवी अहिल्या विद्यापीठाच्या तक्षशिला परिसरात लाइफ सायन्सेस, बायोटेक्नॉलॉजी शिकणारी आपली मराठी मुलं कुठे अडली की माझ्याकडे येतात. प्रोजेक्ट कर्करोगाच्या पेशींवर असला की एक वाक्य हटकून ऐकू येतं: "सर, ॲपॉप्टोसिस म्हणजे पेशीचं ठरलेलं मरण आणि नेक्रोप्टोसिस म्हणजे अपघाती." पहिलं बरोबर, दुसरं साफ चूक. अपघाती असतो तो नेक्रोसिस. पेशी भाजली, चिरडली, रक्तपुरवठा अचानक तुटला, की तो होतो. नेक्रोप्टोसिस दिसतो तसाच, पण तो ठरलेल्या प्रथिनांच्या ठरलेल्या साखळीने घडतो. म्हणूनच तो औषधाने थांबवता येतो. २००५ साली जुनयिंग युआन या संशोधिकेच्या गटाने हे नाव रूढ केलं, तेही त्याला रोखणाऱ्या नेक्रोस्टॅटिन-१ या रेणूसकट.

रामबागेतला जुना वाडा मालक तुळई-तुळई करून उतरवून घेतो, तसा ॲपॉप्टोसिस. पेशी आक्रसते, केंद्रकातलं डीएनए तुकड्या-तुकड्यांत कापलं जातं, पेशीपटलाचे बुडबुडे सुटे होतात. पटलाच्या आतल्या बाजूचा फॉस्फॅटिडिलसेरीन हा मेदरेणू बाहेर येतो आणि त्या खुणेवर मॅक्रोफेज (कचरा गिळणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी) तुकडे गिळून टाकतात. आतला माल बाहेर सांडत नाही, म्हणून सूज येत नाही. केर, वायली आणि करी या शास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये हे वर्णन केलं.

नेक्रोप्टोसिसमध्ये पेशी फुगते आणि फुटते. एटीपी, एचएमजीबी१ असे एरवी पेशीच्या आत राहणारे रेणू बाहेर पडतात आणि रोगप्रतिकारक पेशींना धोक्याची वर्दी मिळते.

दोघांचा फाटा फुटतो कुठे, हे मला यातलं सगळ्यात सुंदर प्रकरण वाटतं. टीएनएफ या सूज आणणाऱ्या प्रथिनाचा संदेश पेशीवर येतो तेव्हा दोन्ही रस्ते खुले असतात. कॅस्पेज-८ (कॅस्पेज म्हणजे प्रथिनं कापणारी विकरं) जागं असेल तर ते ॲपॉप्टोसिस घडवायला पुढे कॅस्पेज-३ला कामाला लावतं आणि शिवाय आरआयपीके१, आरआयपीके३ या नेक्रोप्टोसिसच्या साखळीतल्या प्रथिनांना कापून दुसरा रस्ता बंद करतं. कॅस्पेज-८ अडवलं गेलं (काही विषाणू नेमकं हेच करतात) की आरआयपीके१ आणि आरआयपीके३ एकत्र येतात. मग आरआयपीके३ एमएलकेएल या प्रथिनावर फॉस्फेट चढवतं, आणि एमएलकेएल गट करून पेशीपटल फोडतं. कॅस्पेज-८ नसलेले उंदीर गर्भातच मरतात. पण २०११ मध्ये दिसलं, की सोबत आरआयपीके३ही काढून टाकलं तर ते जन्मतात आणि वाढतात. कॅस्पेज-८ एरवी कोणाला आवरून धरतं, याचा याहून स्वच्छ पुरावा मला माहीत नाही.

कर्करोग ॲपॉप्टोसिस चुकवण्यात तरबेज. बिघडलेल्या पेशीला मरणाकडे नेणारं पी५३ हे प्रथिन बिघडवतो, मरण रोखणारं बीसीएल-२ वाढवतो. २०१६ मध्ये रक्ताच्या कर्करोगासाठी अमेरिकेत मान्यता मिळालेलं व्हेनेटोक्लॅक्स हे औषध बीसीएल-२लाच अडवतं. मग ही वाट बंद असेल तर पेशीला नेक्रोप्टोसिसच्या वाटेने का मारू नये, हा विचार रास्त आहे. पण अनेक गाठींनी आरआयपीके३च्या जनुकावर मिथाइल गट चढवून ते आधीच गप्प केलेलं असतं. शिवाय नेक्रोप्टोसिसची सूज दर वेळी रुग्णाच्या बाजूची नसते. स्वादुपिंडाच्या कर्करोगात तीच गाठीला पोसू शकते, असं उंदरांवरच्या कामातून दिसलंय. 'फुटून मेलेली पेशी जास्त चांगली' असं सरसकट लिहू नका.

आता प्रयोगशाळेतली गफलत. ॲनेक्झिन (फॉस्फॅटिडिलसेरीनला चिकटणारा रंग) आणि पीआय (पटल फुटलं तरच आत शिरणारा रंग) यांच्या आलेखात वरचा उजवा चौकोन, म्हणजे दोन्ही रंग लागलेल्या पेशींचा, भरला, की मुलं 'लेट ॲपॉप्टोसिस' (उशिराच्या टप्प्यातला ॲपॉप्टोसिस) लिहून मोकळी होतात. पण नेक्रोप्टोसिसच्या पेशीही तिथेच येतात, कारण पटल फुटलं की दोन्ही रंग आत शिरतात. आणि बशीत मॅक्रोफेज नसतात, त्यामुळे ॲपॉप्टोसिसचे तुकडेही न गिळता पडून राहतात आणि शेवटी फुटतात. ट्रायपॅन ब्लू हा रंग तर पटल फुटलं एवढंच सांगतो.

म्हणून वेस्टर्न ब्लॉटवर (पेशीतलं प्रथिन पट्टीच्या रूपात दाखवणारी चाचणी) कापलेलं कॅस्पेज-३ आणि फॉस्फेट लागलेलं एमएलकेएल दोन्ही बघा. कॅस्पेज अडवणाऱ्या झेडव्हॅडने मरण थांबलं तर कल ॲपॉप्टोसिसकडे. झेडव्हॅड देऊनही पेशी मरतात आणि नेक्रोस्टॅटिन-१ने वाचतात, तर नेक्रोप्टोसिसकडे. आणि हे सगळं करण्याआधी तुमच्या पेशींमध्ये आरआयपीके३ची पट्टी दिसते का, ते तपासा. एचटी-२९मध्ये (मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या पेशी) ती दिसते, हेलामध्ये (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पेशी) दिसत नाही, आणि हेलावर नेक्रोप्टोसिस शोधण्यात महिने घालवणारी मुलं मी पाहिली आहेत.