‘ग्रोथ डील’साठी अर्ज कुठे करायचा?

‘आमच्या भागाला सरकारनं कोट्यवधी पौंड दिलेत म्हणे, मग फॉर्म कुठे मिळतो?’ स्कॉटलंड किंवा वेल्समध्ये छोटा धंदा करणारी आपली माणसं हा प्रश्न हमखास विचारतात. ज्या कराराची बातमी तुम्ही वाचलीत, त्याला व्यक्तीनं भरायचा फॉर्म नसतोच. पैसा आधी काउन्सिलकडे, म्हणजे तिथल्या स्थानिक स्वराज्य संस्थेकडे जातो, तिथून प्रकल्पांकडे, आणि त्यातला काही भाग पुढे अनुदान, टेंडर आणि प्रशिक्षण या रूपानं खाली झिरपतो. अर्ज, कागद आणि मुदती असतात त्या या शेवटच्या टप्प्यावर. पण वरचं सगळं माहीत नसेल तर खालचा अर्ज चुकीच्या दारात पडतो.

स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये आर्थिक विकास हा विषय तिथल्या सरकारांच्या अखत्यारीत येतो. त्यामुळे लंडनला एखाद्या प्रदेशात पैसा घालायचा असेल तर ‘सिटी डील’ किंवा ‘ग्रोथ डील’ नावाचा करार होतो आणि त्यावर तिघांच्या सह्या असतात: ब्रिटनचं सरकार, त्या देशाचं सरकार आणि स्थानिक काउन्सिलं. आपल्याकडच्या केंद्र-राज्य हिश्श्याच्या योजनेसारखंच हे आहे. स्कॉटलंडमधला पहिला करार ग्लासगोचा, ऑगस्ट 2014 चा. एकूण 113 कोटी पौंड: दोन्ही सरकारांचे 50-50 कोटी आणि आठ काउन्सिलांचे मिळून 13 कोटी. एअरशरचा करार नोव्हेंबर 2020 चा, 25.15 कोटींचा. कार्डिफ परिसराचा मार्च 2016 चा, 120 कोटींचा, त्यातला मोठा वाटा मेट्रोसाठी. ऑर्कनी, शेटलंड आणि आउटर हेब्रिडीज या बेटांचा जानेवारी 2023 चा, सरकारांकडून 10 कोटींचा.

आकडे वाचून हुरळून जाऊ नका. ग्लासगोचे पैसे वीस वर्षांत मिळायचे आहेत आणि दर पाच वर्षांनी ‘गेटवे रिव्ह्यू’ नावाची तपासणी होते. ती पार पडली तरच पुढचा हप्ता सुटतो.

मोठं दार: प्रकल्पाचा प्रस्ताव

इथे पात्र कोण? काउन्सिलं, विद्यापीठं, कॉलेजं, बंदर चालवणाऱ्या संस्था, संशोधन केंद्रं. एखादी मोठी खासगी कंपनी भागीदार म्हणून येऊ शकते, पण एकटीनं दार ठोठावून आत जाता येत नाही. आधी प्रदेशातली काउन्सिलं एकत्र येऊन प्रस्ताव देतात. तो मान्य झाला की ‘हेड्स ऑफ टर्म्स’वर सह्या होतात, म्हणजे तत्त्वतः मान्यता. मग पूर्ण करार. बेलफास्टच्या सहा काउन्सिलांना हेड्स ऑफ टर्म्स मार्च 2019 मध्ये मिळाल्या, पूर्ण करारावर सह्या व्हायला डिसेंबर 2021 उजाडला.

करार झाला म्हणजे पैसे आले, असंही नाही. प्रत्येक प्रकल्पाची ‘बिझनेस केस’ तीनदा लिहावी लागते: स्ट्रॅटेजिक आउटलाइन, मग आउटलाइन, मग फुल. ज्यांनी जिल्हा परिषदेत प्रस्तावापासून प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता आणि कार्यारंभ आदेशापर्यंतची फाइल फिरताना पाहिली आहे, त्यांना हे लगेच कळेल. फरक इतकाच की इथे ब्रिटिश अर्थखात्याच्या ‘ग्रीन बुक’प्रमाणे पाच बाजू मांडाव्या लागतात: गरज काय, समाजाला फायदा किती, बाजारातून काम कसं घेणार, परवडणार का आणि राबवणार कोण. माझ्या मते प्रस्ताव बहुतेक वेळा दुसऱ्या बाजूवर अडखळतात. ‘इतक्या नोकऱ्या निर्माण होतील’ असं लिहिलं की परीक्षक विचारतो, यातल्या किती नोकऱ्या तुमच्याशिवायही झाल्याच असत्या?

यादीतलं सगळंच होतं असंही नाही. ग्लासगोच्या मूळ यादीत विमानतळाला जोडणारी ट्राम-ट्रेन होती. तो बेत पुढे बाजूला पडला. उलट गोवन आणि पार्टिकच्या मधला पूल झाला. क्लाइड नदीच्या दोन काठांवरच्या या वस्त्या एकमेकींना दिसतात, पण पायी पलीकडे जायचं तर मोठा वळसा होता. सप्टेंबर 2024 पासून माणसं चालत आणि सायकलवर पलीकडे जातात, आणि जहाज आलं की पूल बाजूला वळतो.

सरकारी मन बदलण्याचा धोकाही असतो. सप्टेंबर 2024 मध्ये लंडननं उत्तर आयर्लंडचे करार अचानक थांबवले. बेलफास्ट आणि डेरी या शहरांचे लगेच मोकळे केले, बाकीच्या दोन करारांना ऑक्टोबरच्या अर्थसंकल्पापर्यंत ताटकळावं लागलं.

पैसा एका प्रमुख काउन्सिलच्या नावे येतो. तिला ‘अकाउंटेबल बॉडी’ म्हणतात. ग्लासगोसाठी ग्लासगो सिटी काउन्सिल, स्वॉन्झी बेसाठी कारमार्थनशर, बेलफास्ट परिसरासाठी बेलफास्ट सिटी काउन्सिल. तक्रार असो वा चौकशी, पत्र लिहायचं ते इथे.

छोटं दार: तुमच्या-आमच्यासाठी

पहिला मार्ग टेंडरचा. मला तोच सर्वांत भरवशाचा वाटतो, आणि आपले लोक नेमके त्याकडे फिरकत नाहीत. स्कॉटलंडमध्ये ‘पब्लिक कॉन्ट्रॅक्ट्स स्कॉटलंड’, वेल्समध्ये ‘सेल टू वेल्स’, उत्तर आयर्लंडमध्ये ‘ई-टेंडर्स एनआय’ या पोर्टलांवर नाव नोंदवा. स्कॉटलंडमध्ये 50,000 पौंडांपुढची वस्तू-सेवांची आणि 20 लाखांपुढची बांधकामाची कंत्राटं जाहीर करावीच लागतात. त्याखालच्या कामांसाठी सहसा ‘क्विक कोट’, म्हणजे झटपट दरांची मागणी निघते आणि ती नोंदणी केलेल्या निवडक पुरवठादारांनाच जाते. केटरिंग, छपाई, साफसफाई, सॉफ्टवेअर अशी छोटी कामं इथूनच सुटतात. नोंदणी नसेल तर काम निघाल्याचं तुम्हाला कळतही नाही.

दुसरा मार्ग अनुदानाचा. अटी प्रत्येक योजनेच्या वेगळ्या असतात, पण कागद साधारण सारखेच लागतात. कंपनी असेल तर ‘कंपनीज हाउस’चा नोंदणी क्रमांक, एकट्याचा धंदा असेल तर करखात्याचा यूटीआर क्रमांक. गेल्या दोन-तीन वर्षांचे हिशेब, किंवा धंदा नवा असेल तर रोख रकमेचा अंदाज. बँकेची विवरणं. माणसं कामाला असतील तर ‘एम्प्लॉयर्स लायबिलिटी’ विमा, किमान 50 लाख पौंडांचा. हा कायद्यानंच लागतो. मोठ्या खरेदीसाठी सहसा तीन कोटेशनं. शिवाय आधी घेतलेल्या सरकारी मदतीचं घोषणापत्र. सरकारी मदतीच्या कडक नियमांतून छोट्या मदतीला सूट मिळते; त्या सवलतीची मर्यादा चालू आणि मागची दोन मिळून तीन आर्थिक वर्षांत 3,15,000 पौंड आहे. ही मर्यादा तुमच्या सगळ्या संलग्न कंपन्यांना मिळून लागते. नवऱ्याच्या नावे एक आणि बायकोच्या नावे एक कंपनी काढून ती दुप्पट होईल, असं गृहीत धरू नका.

सर्वांत महाग पडणारी चूक तारखांची असते. आमच्या ओळखीतल्या एका ताई घरगुती डब्यांचा व्यवसाय मोठ्या किचनमध्ये हलवत होत्या. ‘तुमचा अर्ज चांगला आहे’ असं फोनवर ऐकताच त्यांनी ओव्हनची ऑर्डर दिली. मंजुरीचं पत्र आठवड्याभरानं आलं. पत्राच्या आधीची पावती म्हणून तो पूर्ण खर्च नामंजूर झाला. म्हणून लेखी ऑफर हातात आल्याशिवाय आगाऊ रक्कमही देऊ नका. आणि पैसे बहुधा खर्चानंतर पावत्या दाखवल्यावरच मिळतात, तेव्हा मधले काही महिने स्वतःच्या खिशातून काढण्याची तयारी ठेवा.

प्रत्येक देशाची एक-एक खास अट आहे. स्कॉटलंड सरकारच्या अनुदानावर जुलै 2023 पासून ‘फेअर वर्क फर्स्ट’ लागू आहे: कर्मचाऱ्यांना ‘रिअल लिव्हिंग वेज’ द्यायचा, जो कायदेशीर किमान वेतनाहून जास्त असतो, आणि त्यांचं म्हणणं ऐकण्याची सोय दाखवायची. चुलतभाऊ दुकानात मदत करतो, हे उत्तर चालत नाही. वेल्समध्ये भविष्यातल्या पिढ्यांच्या कल्याणाचा 2015 चा कायदा आहे; सार्वजनिक संस्था त्याच्याशी बांधलेल्या असल्यानं अर्जाच्या प्रश्नावलीत पर्यावरण आणि वेल्श भाषेबद्दलचे रकाने येतात. ते रिकामे सोडू नका. उत्तर आयर्लंडमध्ये 1998 च्या कायद्याच्या कलम 75 मुळे समान संधीची माहिती विचारली जाते.

अर्ज लिहायला पैसे घेणारे सल्लागार भेटतील. त्याआधी स्कॉटलंडमध्ये ‘बिझनेस गेटवे’, वेल्समध्ये ‘बिझनेस वेल्स’, उत्तर आयर्लंडमध्ये ‘गो सक्सीड’ इथे फोन करा. सल्ला फुकट मिळतो.

आणि एक गोष्ट फारसं कुणी करत नाही. प्रत्येक डीलच्या संयुक्त समितीच्या बैठकांची विषयपत्रिका आणि कागद काउन्सिलच्या संकेतस्थळावर खुले असतात. इंग्रजी रटाळ असतं, चहा घेऊन बसा. ‘फुल बिझनेस केस’ मंजूर झाल्याची ओळ दिसली की तो प्रकल्प लवकरच टेंडर घेऊन बाजारात उतरणार, असं समजा. पोर्टलवर नोंदणी करायची ती त्या ओळीच्या आधी.