कुठली भूल चांगली? चिठ्ठी काढा

‘भुलेच्या साध्या इंजेक्शनने स्तनाचा कॅन्सर बरा’ अशा थाटाचे फॉरवर्ड 2022 च्या सप्टेंबरपासून अधूनमधून डोकं वर काढतात. मूळ बातमी खोटी नव्हती. मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरचे तेव्हाचे संचालक डॉ. राजेंद्र बडवे यांनी पॅरिसच्या कॅन्सर परिषदेत एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष मांडले होते. देशातली 11 केंद्रं, 1600 स्त्रिया. निम्म्या जणींना शस्त्रक्रियेच्या सात ते दहा मिनिटं आधी गाठीभोवती लिग्नोकेन टोचलं, बाकीच्यांना नाही. पाच वर्षांनी पहिल्या गटातल्या 90.1 टक्के हयात होत्या, दुसऱ्यातल्या 86.4 टक्के. फरक मोलाचा आहे. पण शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन हे सगळं दोन्ही गटांना नेहमीसारखंच मिळालं होतं. ‘बरा’ हा शब्द फॉरवर्ड करणाऱ्याने आपल्या पदरचा घातला.

लिग्नोकेन म्हणजे दाढ काढताना हिरडीत देतात ते. ते काम कसं करतं हे मला कितीही वेळा सांगायला आवडेल. मज्जातंतूच्या आवरणात सोडियमची बारीक दारं असतात. दार उघडतं, सोडियम आत घुसतो आणि वेदनेचा निरोप पुढे सरकतो. लिग्नोकेनला हे दार आतल्या बाजूने अडवायचं असतं, पण आत जायला मधे चरबीचा पडदा आहे. विद्युतभार नसलेला रेणूच त्यातून पार होतो. शरीराच्या नेहमीच्या सामूला (7.4) साधारण पाव रेणू तसे भाररहित असतात. ते आत शिरतात, आत गेल्यावर हायड्रोजनचा आयन उचलतात, भारित होतात आणि दारात बूच बसवतात. दाढेत पू झाला असेल तर तिथलं वातावरण आम्लधर्मी होतं, भाररहित रेणू कमी पडतात आणि ‘इंजेक्शन देऊनही दुखतंय’ अशी तक्रार येते. त्यात दंतवैद्याचा दोष नसतो. अशीच सोडियमची दारं स्तनाच्या कॅन्सरच्या काही पेशींवरही सापडली आहेत आणि त्यांच्या पसरण्यात या दारांचा हात असावा, असा संशय आहे. टाटाच्या अभ्यासामागच्या विचारातला हा एक धागा.

भुलेच्या निवडीने कॅन्सरवर फरक पडतो का, याच प्रश्नाची दुसरी गोष्ट मात्र अगदी उलटी निघाली. 2006 साली आयर्लंडमधल्या डॉक्टरांनी स्तनाच्या कॅन्सरच्या 129 रुग्णांचे जुने कागद तपासले. ज्यांना पूर्ण भुलेबरोबर पाठीच्या कण्याशेजारी मज्जातंतू बधिर करणारं इंजेक्शन, म्हणजे पॅराव्हर्टेब्रल ब्लॉक, दिला होता, त्यांच्यापैकी 94 टक्के जणींमध्ये तीन वर्षांनी कॅन्सर परतला नव्हता. फक्त पूर्ण भूल आणि नंतर मॉर्फीन मिळालेल्यांमध्ये हा आकडा 77 टक्के. केवढा फरक! कारणही पटण्यासारखं होतं: ब्लॉकमुळे शरीरावरचा शस्त्रक्रियेचा ताण कमी, मॉर्फीन कमी, म्हणून प्रतिकारशक्ती शाबूत. मग आठ देशांत मिळून 2100 हून अधिक स्त्रियांवर रीतसर चाचणी झाली आणि 2019 मध्ये निकाल लागला. दोन्ही गटांत कॅन्सर परतण्याचं प्रमाण 10 टक्के. फरक शून्य.

तेरा वर्षांत औषध बदललं नव्हतं, प्रश्न विचारायची पद्धत बदलली होती. जुन्या कागदांत ब्लॉक कुणाला मिळाला होता? भूलतज्ज्ञाने ज्यांना द्यायचं ठरवलं त्यांना. तो ठरवताना वय बघतो, हृदय बघतो, सर्जन कोण आहे ते बघतो. म्हणजे दोन गट सुरुवातीपासूनच वेगळे असतात, आणि शेवटी दिसणारा फरक भुलेचा की माणसांचा, हे सांगता येत नाही. उपाय एकच: कुणाला काय द्यायचं हे डॉक्टरने ठरवायचंच नाही, चिठ्ठीने ठरवायचं. माणसं पुरेशी असली की वय, साखर, बीपी, इतकंच काय, ज्या गोष्टी अजून कुणाला माहीतच नाहीत त्यासुद्धा दोन्ही बाजूंना साधारण सारख्या वाटल्या जातात. सिझेरियनची वेळ ज्योतिषाला विचारून ठरवणारे आपण ‘चिठ्ठी’ म्हटलं की दचकतो. या चिठ्ठीला निदान गणिताचा आधार आहे.

पण नुसती चिठ्ठी पुरत नाही, ती लपलेली लागते. म्हाडाच्या सोडतीत पुढचा नंबर आधी कळला तर काय होईल, तेच इथेही होतं. उद्याच्या चिठ्ठीच्या पाकिटात ‘स्पायनल’, म्हणजे पाठीत सुई टोचून कमरेखाली दिलेली भूल, आहे हे निवासी डॉक्टरला कळलं, तर पाठ वाकलेल्या आजोबांना तो नकळत ‘अभ्यासात बसत नाहीत’ म्हणून बाजूला ठेवील. म्हणून पाकिटं अपारदर्शक, क्रमांक घातलेली, सीलबंद असतात आणि संमतीची सही झाल्यावरच फोडली जातात. त्यातही एक गोम आहे. दोन्ही गट समसमान राहावेत म्हणून चिठ्ठ्या गठ्ठ्यांत करतात, समजा चारच्या गठ्ठ्यात दोन स्पायनल, दोन पूर्ण भूल. पहिल्या तीन उघडल्या की चौथी न उघडताच कळते. त्यामुळे गठ्ठ्याचा आकारही मधूनमधून बदलतात, चार, सहा, पुन्हा चार. आणि स्पायनल निघालेल्या रुग्णाला ते लागू पडलंच नाही, पूर्ण भूल द्यावी लागली, तरी हिशोबात तो स्पायनलच्याच गटात राहतो. हा नियम विचित्र वाटतो, पण तो मोडला की अवघड पाठीची माणसं निवडून एका गटातून दुसऱ्यात जातात आणि चिठ्ठीची सगळी मेहनत वाया. खुब्याचं हाड मोडलेल्या 1600 रुग्णांवर अमेरिका आणि कॅनडात ‘रीगेन’ नावाची चाचणी झाली, तिथे स्पायनल निघालेल्यांपैकी सुमारे 15 टक्के जणांना प्रत्यक्षात पूर्ण भूल मिळाली. तरीही मोजणी चिठ्ठीप्रमाणेच केली. 60 दिवसांत मृत्यू झालेले किंवा दुसऱ्याच्या मदतीशिवाय चालू न शकणारे: स्पायनल 18.5 टक्के, पूर्ण भूल 18.0. ‘म्हाताऱ्या माणसाला पूर्ण भूल नकोच’ हे आपल्याकडे ठासून सांगितलं जातं, त्याला या आकड्यांत आधार नाही.

टाटाच्या अभ्यासात एक कच्चा दुवा राहिला. दुसऱ्या गटाला खोटं इंजेक्शन, म्हणजे नुसतं सलाइनही, टोचलेलं नव्हतं. त्यामुळे फरक लिग्नोकेनचा की गाठीभोवती काहीही टोचल्याचा, हे त्यातून वेगळं काढता येत नाही. मला तो अभ्यास तरीही भक्कम वाटतो, कारण हयात की मृत यात कुणाच्या मताला जागा नसते.

अशा चाचण्यांत आपल्याला भाग घेता येतो का? येतो, आणि त्यासाठी टाटापर्यंत जावं लागतंच असं नाही. एमडी अ‍ॅनेस्थेशिया करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला प्रबंध लिहावा लागतो, त्यामुळे वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत हे काम सतत चालू असतं. स्पायनलसाठी वापरतात त्या बुपिव्हाकेन या औषधात काय मिसळलं की बधिरपणा जास्त टिकतो, सिझेरियननंतर पोटाच्या भिंतीत ब्लॉक दिला तर वेदनाशामक किती कमी लागतं, असले प्रश्न. छोटे वाटतात खरे. पण पाठीत सुई टोचल्यावर होणाऱ्या डोकेदुखीवर अशाच 110 चाचण्या 2018 मध्ये एकत्र मांडल्या गेल्या, तेव्हा 31 हजारांवर माणसांचा हिशोब जमला: नेहमीच्या धारदार सुईने 11 टक्के जणांचं डोकं दुखलं, बोथट टोकाच्या सुईने 4.2 टक्के.

शोधायचं कुठे? आयसीएमआरकडे, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेकडे, 20 जुलै 2007 पासून चाचण्यांची नोंदवही, ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडिया’, म्हणजे सीटीआरआय, चालते. तिचं संकेतस्थळ कुणीही फुकट धुंडाळू शकतो. शोध इंग्रजीत करावा लागतो. ‘स्पायनल’, ‘नर्व्ह ब्लॉक’ असे शब्द घाला. ‘अ‍ॅनेस्थेशिया’ ब्रिटिश आणि अमेरिकी अशा दोन्ही स्पेलिंगने घाला, नाहीतर काही नोंदी निसटतील. नोंदीत कुठलं रुग्णालय, किती रुग्ण हवेत, अभ्यासात कोण बसतं, कोण बसत नाही, नीतिमत्ता समितीची मंजुरी आहे का आणि चौकशीसाठी कोणाला गाठायचं, हे सगळं असतं. भरती अजून चालू आहे ना, तेवढं आधी बघा. 1 एप्रिल 2018 पासून पहिला रुग्ण घेण्याआधी केलेलीच नोंदणी तिथे स्वीकारतात. निकाल हाती आल्यावर प्रश्न बदलायची पळवाट त्यामुळे बरीचशी बुजली.

एक मात्र ध्यानात ठेवा. इथे चाचणीसाठी कुणी ऑपरेशन करत नाही. ऑपरेशन ठरलेलं असतं आणि चाचणी त्याला जोडलेली असते. त्यामुळे बहुतेकांना विचारणा होते ती ‘फिटनेस’साठी भूलतज्ज्ञाकडे गेल्यावर, नाहीतर ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी वॉर्डात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, सुई टोचायच्या जागी जंतुसंसर्ग, लिग्नोकेनच्या जातीच्या औषधांची अ‍ॅलर्जी, यातलं काही असेल तर बहुधा बाद. अभ्यासात बसलात तर पाकीट फोडतात, पुढचं ऑपरेशन ठरल्याप्रमाणे होतं आणि नंतर दर काही तासांनी कुणीतरी येऊन विचारतं, दुखणं शून्य ते दहामध्ये किती?

सही करण्याआधी, विचारायला आलेल्या ताईंना किंवा डॉक्टरांना सरळ विचारा: चिठ्ठीत दोन्ही बाजूंना काय आहे? भाग घेतला नाही तर कुठली भूल मिळेल? मधेच नको म्हटलं तर? त्रास झाला तर उपचाराचा खर्च कोणाचा? नको म्हणायचा हक्क कधीही असतो आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबत नाहीत. संशोधनामुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई मिळाली पाहिजे, असं आयसीएमआरची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. माहितीपत्रक तुम्हाला कळणाऱ्या भाषेत मिळायला हवं आणि घरी न्यायला एक प्रतही. ‘मराठीत नाहीये, मी तोंडी सांगतो, इथे सही करा’ असं ऐकू आलं, तर त्या संध्याकाळी सही करू नका.