कोल्हापूर गॅझेट म्हणतात ते नेमकं कुठलं?

२ सप्टेंबर २०२५ ला मराठ्यांना कुणबी दाखले देण्यासाठी हैदराबाद गॅझेटचा शासन निर्णय निघाला, पाठोपाठ सातारा गॅझेट, कोल्हापूर गॅझेट हे शब्द आपल्याकडं चहाच्या गाड्यावरसुद्धा ऐकू यायला लागले. शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयात दुर्मिळ पुस्तकं बघायला जाणारा पण आता हेच नाव घेऊन जातो. अडचण अशी की या एका नावाखाली दोन वेगळ्या वस्तू येतात, दोन्ही मोलाच्या आहेत, पण एकीचं काम दुसरीला जमत नाही.

पहिली वस्तू गॅझेटियर. इंग्रज सरकारनं मुंबई इलाख्याची जिल्हावार माहिती गोळा करून इंग्रजीत जाडजूड खंड छापले, त्यातला कोल्हापूरचा २४ वा, साल १८८६, साताऱ्याचा १९ वा, त्याच्या एक वर्ष आधीचा. जमीन, पिकं, व्यापार, शाळा, देवळं, कोण कसं राहतं, काय खातं, लग्नं कशी लावतं, सगळं त्यात आहे आणि जातींचे आकडे १८८१ च्या जनगणनेवरचे. म्हणजे हे वर्णनाचं पुस्तक झालं. मोजणाऱ्यानं विचारलं, घरातल्यानं सांगितलं, कारकुनानं रकान्यात बसवलं, तशी जात तिथं आली. त्यात कुणाच्या आजोबा-पणजोबांचं नाव मिळत नाही, मिळतो तो समूहाचा आकडा, आणि हे माहीत नसलं की माणूस तास-दोन तास पानं चाळून हिरमुसला होऊन परत जातो. याच्याही आधी, १८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडानंतर इथं कारभार बघायला बसलेल्या इंग्रज अधिकाऱ्याचा कोल्हापूरवरचा रिपोर्ट १८५४ ला छापला गेला, तोही जोडीला वाचावा, तीस वर्षांत साहेबाची नजर कशी बदलली ते कळतं.

दुसरी वस्तू म्हणजे खरंखुरं गॅझेट, राजपत्र. गॅझेटेड ऑफिसर म्हणतो तो यातल्या गॅझेटमुळं, नेमणूक त्यात छापून येते म्हणून. करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानाचं स्वतःचं असं गॅझेट निघायचं आणि २६ जुलै १९०२ चा जाहीरनामा त्यात छापला गेला, शाहू महाराज तेव्हा इंग्लंडच्या राजाच्या राज्याभिषेक समारंभासाठी विलायतेत होते. रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निदान ५० टक्के मागासलेल्या वर्गातून भरायच्या, हे सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच्या पुढचं कुणी वाचत नाही. मागासलेले म्हणजे कोण, तर ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सगळे. म्हणजे यादी केली ती वगळायच्या लोकांची, उरलेले सगळे आत, मराठेसुद्धा. शिवाय प्रत्येक खात्याच्या प्रमुखानं दर तिमाहीला या हुकमानंतर आपल्याकडं झालेल्या नेमणुकांचा तक्ता पाठवायचा. नुसती इच्छा नव्हती ती, अंमलबजावणी होते का हे बघायची सोय पण तिथंच करून ठेवलेली.

तर १८८६ आणि १९०२, मध्ये फक्त सोळा वर्षं, गाव एकच, पण एक कागद सांगतो कोण राहतं आणि दुसरा सांगतो कुणाला काय द्यायचं. पेपरवाल्यांनी बोलता बोलता शेवटचा ‘यर’ खाल्ला आणि दोन्ही एक झाले. माझ्या मते कोल्हापूर गॅझेट या नावावर पहिला हक्क १९०२ च्या कागदाचा आहे, पण चर्चा चाललीय सगळी १८८६ च्या पुस्तकावर. त्यात भर म्हणजे राज्य सरकारनं १९६० ला कोल्हापूरचं नवीन गॅझेटियर काढलं, ते तिसरंच.

या छापील कागदांच्या आधीचं जे आहे ते बहुतेक मोडी लिपीत, कापडाच्या रुमालात बांधलेलं. १ मार्च १९४९ ला संस्थान विलीन झालं, त्यानंतर दरबारचं दप्तर सरकारी पुराभिलेखागाराकडं, तर विद्यापीठ निघालं १९६२ ला, म्हणून दरबारचे मूळ कागद एकीकडं आणि छापील ग्रंथ, हस्तलिखितं दुसरीकडं, अशी फेरी मारावी लागते.

मोडीचा कागद जवळून बघितला की आधी दिसते ती रेघ. लिहिणारा पानभर आडव्या रेघा मारून घ्यायचा आणि मग बोरू फारसा न उचलता अक्षरं खाली टांगत जायचा, शब्द कुठं तुटतो ते वाचणाऱ्यानं ओळखायचं, ऱ्हस्व-दीर्घ तर नाहीच. मुंबई सरकारनं १९१७ मध्ये कारभारात मोडीऐवजी बाळबोध म्हणजे देवनागरी आणायचं ठरवलं, पुढं शाळेतूनही मोडी गेली, आणि २०२३ ला कुणबी नोंदी शोधायची वेळ आली तेव्हा वाचणारी माणसं जिल्ह्याजिल्ह्यात शोधत फिरायला लागलं. जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत नुसतं ‘कु.’ असलं तर ते काय समजायचं, एवढ्यावर माणसं अडून बसली. मोडी शाळेत आठवड्याला एक तास जरी ठेवली असती तर ही पाळी आली नसती, असं मला मनापासून वाटतं.

गॅझेटियरचे खंड आता स्कॅन होऊन नेटवर आलेत, घरबसल्या वाचता येतात. तरी ग्रंथालयात जाणार असाल तर चिठ्ठीवर नीट लिहून न्या, खंड २४, साल १८८६. जाहीरनामा बघायचा असेल तर करवीर गॅझेट, जुलै १९०२, असं वेगळं मागा. पानं कडेनं तुटतात, उलटताना वरच्या कोपऱ्याला धरा.